तुझा मेल साफ केलाय

माझा ई-मेल माझ्या नवऱ्याने काढून दिला. शाळेने सगळ्या शिक्षकांकडून ई-मेल मागवले होते. मी चित्रकला शिकवते, मला त्यातलं काही येत नव्हतं, आणि तो ऑफिसात कॉम्प्युटरच बघतो. पासवर्ड त्यानेच ठेवला, आमच्या लग्नाची तारीख. खात्याला मोबाइल नंबर जोडायचा होता, तो त्याने स्वतःचा जोडला. मला तेव्हा ते प्रेमाचं वाटलं होतं. बारा वर्षं मी त्याच पासवर्डने मेल उघडत होते, तोही उघडत होता, आणि यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

लिहिताना मी त्याला एकेरीत लिहिते आहे. तोंडावर अहोच म्हणते, भांडतानासुद्धा. पण ही गोष्ट सांगताना अहो म्हणवत नाही.

माझे वडील डिझाइन मास्तर. आमच्या तेलुगू घरांत वडिलांना नायना म्हणतात. सोलापुरी चादरीवर जी नक्षी असते ती आधी कागदावर काढावी लागायची, बारीक चौकटींच्या ग्राफ पेपरवर, एकेक चौकट रंगवत. चौकट रंगवली तर धागा वर, कोरी ठेवली तर खाली. त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं एकाला एक जोडून लांब माळ करायची, ती माळ मागाच्या डोक्यावर चढवायची, आणि मग माग त्या भोकांच्या हुकमाने नक्षी विणत जायचा. आता सगळं कॉम्प्युटरवर होतं. नायनांनी ते चाळीस वर्षं हाताने केलं, आधी गिरणीत, आणि गिरणी बंद पडल्यावर सोलापूरच्या पूर्व भागातल्या छोट्या कारखान्यांसाठी.

त्यांचं एक डिझाइन कबुतरांचं होतं. एरवी एक कबुतर काढायचं आणि तेच चादरभर फिरवायचं, म्हणजे कार्डं कमी लागतात. नायनांना ते पटायचं नाही. आडव्या ओळीत तेच कबुतर पुन्हा पुन्हा येणार, ते मागाचं बंधन होतं, त्याला इलाज नव्हता. पण उभ्या ओळीत त्यांनी प्रत्येक कबुतर वेगळं काढलं. एक दाणा टिपणारं, एक मान वळवून पाठीकडे बघणारं, एक पंख उघडता उघडता थांबलेलं. सोळा कबुतरं. कार्डांची माळ एवढी लांब झाली की कुठलाच कारखानदार ती चढवायला तयार होईना. अखेर एका मालकाने चढवली. त्याच्याकडे जुना माग होता आणि नायनांवर त्याचा जीव होता. त्या मागावर कबुतरांच्या थोड्याच चादरी निघाल्या. मग बाजारच बदलला. माग कोपऱ्यात उभा राहिला, माळ त्याच्या डोक्यावर तशीच.

मागच्या वर्षी गणपतीनंतर आम्हा चित्रकला शिक्षकांचं पुण्यात शिबिर होतं. तिथे बंगळूरच्या एका संस्थेतल्या बाई बोलायला आल्या होत्या. कापडावरच्या नक्षीचा अभ्यास करतात. चहाच्या वेळी मी धीर करून त्यांच्यापाशी गेले आणि फोनमधले नायनांच्या ग्राफचे फोटो दाखवले. त्यांनी कप खाली ठेवला, चष्मा बदलला आणि एकेक फोटो मोठा करून बघायला लागल्या. मान वळवलेल्या कबुतरावर त्या थांबल्या.

"हे हातानं काढलंय?"

"हो. माझ्या वडिलांनी."

"आहेत ते?"

"आहेत. एक्याऐंशीचे आहेत."

"आणि माग?"

"तोही आहे. पण बंद असतो."

"चालू होईल?"

मी म्हटलं, होईल. त्यांनी मला त्यांचं कार्ड दिलं आणि माझा ई-मेल लिहून घेतला. सोलापूरला येऊन नायनांचं काम आणि तो माग चालताना चित्रित करायचा, असं त्यांच्या मनात होतं. आठवड्याभरात त्यांचा मेल आलासुद्धा. संस्थेची परवानगी घेते, तारीख कळवते, तोवर आणखी फोटो पाठवा. मी पाठवले.

नायनांना सांगितलं तेव्हा ते उठून आत गेले, पत्र्याच्या पेटीतले ग्राफ काढले आणि दुपारभर त्यांच्यावरची धूळ मऊ फडक्याने पुसत बसले. दुसऱ्या दिवशी मालकाकडे गेले. मालक तेव्हा जागा रिकामी करायच्या विचारात होता, जुना माग भंगारात देणार होता. नायनांनी सांगितल्यावर तो थांबला. म्हणाला, "मास्तर, तुमच्यासाठी थांबतो की. बाई येऊन जाऊ द्यात. माग कुटं पळून जातोय?" एक जुना विणकर बोलावून दोघांनी मिळून मागाला तेलपाणी केलं. एका रविवारी तो थोडा चालवूनही बघितला. मी तिथे होते. त्या आवाजाने नायनांचा चेहरा वेगळाच झाला होता.

त्यानंतर दिवाळी आली, आणि मेल यायचे थांबले.

नायना रोज संध्याकाळी फोन करायचे. तेलुगूत पत्राला उत्तरम् म्हणतात. "उत्तरम् वच्चिंदा?" पत्र आलं का? मी म्हणायचे, नाही, येईल. नोव्हेंबरअखेर मी बाईंना मेल केला, आपण कधी येणार? काही नाही. डिसेंबरात पुन्हा केला. जानेवारीत गड्ड्याची जत्रा संपली तेव्हा तिसऱ्यांदा केला. काहीच नाही. कार्डावर त्यांच्या ऑफिसचा फोन नंबर होता. मी दोनदा तो फोनमध्ये टाइप केला आणि दोन्ही वेळा पुसला. मोठ्या संस्थेतल्या बाई, विसरल्या असतील, नको झालं असेल, फोन करून आपण भीक मागितल्यासारखं होईल. असलं सगळं माझ्या डोक्यात. त्याचा राग मला आजही येतो. नवऱ्यावरचा राग मोठा आहे, पण हा त्याच्या शेजारीच बसलेला असतो.

फेब्रुवारीत मालक स्वतः नायनांच्या घरी आला. मी तिथेच होते. तो बिचारा खुर्चीच्या कडेवर बसला.

"मास्तर, जागा द्यायचीय मला. समोरचा पार्टी लई घाई करायलाय. किती दिवस थांबू सांगा की."

नायनांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणाले, "नायना, त्या बाई काही येत नाहीत. सोडून द्या."

हे मी म्हणाले. कुणी मला तसं कळवलं नव्हतं. पण मी छातीठोकपणे सांगितलं, आणि नायनांनी मान हलवली, कारण मी शिकलेली, मी सांगते म्हणजे खरंच असणार.

चार दिवसांनी भंगारवाले आले. माग अखंड दाराबाहेर निघेना म्हणून गॅस कटरने कापला. नायना बघायला गेले नाहीत. कार्डांची माळ मालकाने पोत्यात भरून घरी पाठवली होती, ती त्यांनी परत पाठवली. म्हणाले, "माग नाही तर हे पुठ्ठेच की." ती रद्दीत गेली.

मार्चमध्ये परीक्षेची तयारी चालू होती. आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाई माझ्या चांगल्या ओळखीच्या. त्या स्टाफरूममध्ये येऊन म्हणाल्या, "मॅडम, बैठक व्यवस्था दोनदा पाठवली. तुम्ही बघतच नाही की."

"मला नाही आली."

"कशी नाही आली? माझ्या नवीन मेलवरनं पाठवली, दसऱ्याला काढला तो."

मी फोन दाखवला. खरंच नव्हती. त्या मला लॅबमध्ये घेऊन गेल्या, माझा मेल मोठ्या स्क्रीनवर उघडायला लावला, सेटिंगमध्ये शिरल्या, दोन-तीन ठिकाणी दाबलं आणि एकदम म्हणाल्या, "अगं बाई. तुम्ही मला ब्लॉक केलंय."

"मी? मला ब्लॉक करता येतं कुठे?"

त्यांनी खुर्ची सरकवून मला पुढे बसवलं. पडद्यावर यादी होती. एकाखाली एक पत्ते, प्रत्येकापुढे अनब्लॉक असं लिहिलेलं. मी मोजले. त्रेचाळीस.

वरचे काही ठीक होते. साड्यांची दुकानं, कर्ज देतो म्हणणारे, कुठले कुठले क्लासेस. मग माझ्या नणंदेचा पत्ता आला. त्याच्या सख्ख्या बहिणीचा! तिने लाडात इंग्रजीत काहीतरी परीचं नाव घेतलंय, ते त्याला फसवं वाटलं असणार. मग कॉम्प्युटरच्या बाई. मग माझी एक जुनी विद्यार्थिनी, सोलापूरजवळच्या कुंभारीची, आई विड्या वळायची, मुलीचा हात इतका छान होता की मी तिला शाळा सुटल्यावर थांबवून घेऊन शिकवायचे. मग शाळेच्याच कामाचे दोन पत्ते. आणि त्यांच्या खाली बंगळूरच्या बाई.

मी त्या पत्त्याकडे बघत राहिले. स्पेलिंग पुन्हा पुन्हा वाचलं. कॉम्प्युटरच्या बाई म्हणाल्या, "सगळे सिलेक्ट करून एकदम अनब्लॉक होतील. करू?"

"नको. मला एकेक करू दे."

त्यांनी मग समजावून सांगितलं. ब्लॉक केलेल्याचा मेल परत जात नाही, पाठवणाऱ्याला काही कळतही नाही, तो स्पॅममध्ये जाऊन पडतो आणि तीस दिवसांनी आपोआप पुसला जातो. म्हणजे अनब्लॉक केलं की इथून पुढचे येतील. मागचे गेले ते गेले.

स्पॅममध्ये मी कधीच डोकावले नव्हते. तिथे लॉटरीचा कचरा असतो एवढंच ठाऊक. आम्ही ते उघडलं. बंगळूरच्या बाईंचा एकच मेल उरला होता, सत्तावीस दिवसांपूर्वीचा. आणखी तीन दिवस गेले असते तर तोही नसता. इंग्रजीत होता. त्यातलं मला जवळजवळ पाठ आहे ते मराठीत सांगते.

त्यांनी लिहिलं होतं की तुमचं वागणं मला समजलेलं नाही. तुम्ही विचारता कधी येणार, मी तारीख कळवते, तुम्ही काही बोलत नाही, आणि महिन्याने पुन्हा तेच विचारता कधी येणार. जानेवारीत मी कळवल्याप्रमाणे सोलापूरला आले. तुम्ही पत्ता कळवलाच नव्हता, तरी आले. दोन दिवस राहिले. पूर्व भागात लोकांना विचारत हिंडले. डिझाइन काढणारे पुष्कळ म्हातारे लोकांनी सांगितले, त्यांतले तुमचे वडील कोण ते मला कळेना. बहुधा तुमच्या वडिलांना हे नको असावं, आणि तसं सांगणं तुम्हाला अवघड जात असावं. मी समजू शकते. यापुढे मी त्रास देणार नाही.

कॉम्प्युटरच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. मला तहान नव्हती. मी यादीवर परत गेले आणि एकेक पत्ता मोकळा करायला लागले. प्रत्येक वेळी कॉम्प्युटर विचारायचा, नक्की अनब्लॉक करायचं का? मी हो म्हणायचे. दुकानं आणि कर्जवाले सोडून सगळे मोकळे केले. बंगळूरच्या बाईंचा पत्ता शेवटी केला. तो करताना माझ्या तोंडून तेलुगूत एक शिवी गेली. लॅबमध्ये आणखी कुणी नव्हतं म्हणून बरं.

घरी आले तेव्हा नवरा ऑफिसातून येऊन चहा घेत होता. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"माझ्या मेलमधले लोक तुम्ही ब्लॉक केले?"

"कधी?" म्हणाला. मग आठवून, "हां. दिवाळीच्या आधी. केवढा कचरा होता त्यात. दोन तास बसून साफ केलं. सांगितलं होतं की तुला."

आणि त्याने खरंच सांगितलं होतं. मला तो रविवार आठवला. मी चकल्या तळत होते, तो बाहेरून ओरडला होता, तुझा मेल साफ केलाय बघ, एकदम चकाचक. आणि मी झाऱ्या हातात धरून म्हणाले होते, बरं केलंत.

"तुमच्या बहिणीला ब्लॉक केलंत तुम्ही."

तो हसला. "खरं?"

"हसू नका. बंगळूरच्या बाईंना ब्लॉक केलंत. त्या जानेवारीत इथे येऊन गेल्या. दोन दिवस. दारोदार विचारत फिरल्या."

"मला काय माहीत कोण बाई? संस्थेचं नाव होतं, इंग्रजीत लांबलचक, मला वाटलं जाहिरात."

"उघडून बघायचं."

"एवढे मेल उघडून बघत बसू?"

"मग हात कशाला लावायचा?"

"अगं, तुझ्या सोयीसाठीच केलं ना! आता ओरडून काय होणार? अनब्लॉक कर की. दोन मिनिटांचं काम."

"केले. मागाचं काय? तो कापून नेला. तो आणा अनब्लॉक करून."

त्याने कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "मागाचा आणि माझा काय संबंध? मालकाला जागा द्यायची होती, त्याने दिली."

मला तेव्हा जे वाटलं ते मी नीट सांगू शकेन असं वाटत नाही. चूक कुणाच्याही हातून होते. मीसुद्धा फोनवर भलतं काहीतरी दाबते. पण त्याला चुकल्यासारखं वाटलंच नव्हतं. त्याच्या लेखी माझ्या मेलमध्ये महत्त्वाचं काही असूच शकत नव्हतं. शाळेची परिपत्रकं आणि साड्यांच्या जाहिराती. बायकोला बंगळूरहून कोण कशाला लिहील? हा प्रश्न त्याने मनातसुद्धा विचारला नसेल, इतकं त्याचं उत्तर त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या स्वतःच्या मेलमध्ये हजारो मेल न वाचता पडलेले असतात, त्यातला एकही त्याने कधी ब्लॉक केलेला नाही. न जाणो, लागेल.

मी त्याच्यासमोर बसून पासवर्ड बदलला. नंबर बदलताना त्याच्याच फोनवर कोड आला. मी हात पुढे केला.

"आता नवऱ्यापासून पासवर्ड लपवणार?" तो म्हणाला.

"हो. कोड सांगा."

त्याने सांगितला. त्या दिवशी तो जेवला नाही. मी जेवले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर नायनांकडे गेले. मला वाटलं होतं, ऐकून ते म्हणतील, जाऊ दे, झालं ते झालं. नवऱ्याचं नाव मी मुद्दाम घेतलं, सगळं सविस्तर सांगितलं, बाईंचा मेल वाचून दाखवला. ते खाटेवर बसून ऐकत होते. जावयाबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

मग विचारलं, "कार्डावर फोन नंबर होता म्हणालीस."

"होता."

"का नाही केलास?"

"लाज वाटली, नायना. वाटलं, मागे लागल्यासारखं दिसेल."

"तुला लाज वाटली, आणि मला काय सांगितलंस? येत नाहीत म्हणून. मला वाटतं येत नाहीत, असं नाही म्हणालीस. मालकासमोर म्हणालीस येत नाहीत. कुणी सांगितलं होतं तुला?"

मी फोन पर्समध्ये ठेवला.

"मी आणखी थांबवलं असतं त्याला. पाया पडून थांबवलं असतं. मला स्वतःला विचारलंस का एकदा? तूच ठरवलंस." त्यांचा आवाज चढत गेला. एवढ्या वर्षांत मी तो तसा ऐकला नव्हता. "तो तुझ्या पेटीत हात घालतो म्हणून भांडायला आलीस, आणि माझं तू काय केलंस?"

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी निघाले. बाहेर रिक्षासुद्धा केली नाही, अशोक चौकापर्यंत चालत आले. उन्हं उतरायची होती, डोक्यावर पदर नव्हता, रुमाल नव्हता. नायनांचं बरोबर होतं हे मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं आणि तरीही मला त्यांचा भयंकर राग आला होता. त्यांचा, माझा, नवऱ्याचा, सगळ्यांचा. आठ दिवस त्यांनी माझा फोन घेतला नाही.

त्या आठ दिवसांत मी दोन फोन केले. पहिला कुंभारीच्या त्या मुलीला. तिने आर्ट कॉलेजच्या प्रवेशासाठी माझ्याकडे शिफारसपत्र मागितलं होतं, तीनदा मेल केला होता. मी विचारलं, "फोन का नाही गं केलास?"

ती म्हणाली, "मला वाटलं मॅडम रागावल्यात. मागच्या वर्षी मी तुमच्याकडं आले न्हाई ना भेटायला, म्हणून."

पत्र तिने दुसऱ्या कुणाचं तरी घेतलं. प्रवेश मिळाला. म्हणून माझा जीव थोडा थाऱ्यावर आला. पण चार महिने ती पोर स्वतःचा काय गुन्हा झाला ते शोधत बसली होती, ते कोण भरून देणार?

दुसरा फोन बंगळूरला. कार्ड समोर ठेवलं आणि जो नंबर मी दोनदा पुसला होता तो लावला. ऑफिसातल्या माणसाने थांबायला सांगितलं. मग बाई आल्या. मी नाव सांगितलं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, इंग्रजी चुकतंय की बरोबर आहे याची पर्वा न करता. माग गेला हेही सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्या घरीही असंच आहे. माझं बँकेचं खातं माझा भाऊ बघतो." आणि मग, "माग नसला तरी मी येते. वडील भेटतील ना?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही. त्यांना विचारते. त्यांनी हो म्हटलं तरच कळवते."

नायनांच्या शेजारणीकडे निरोप ठेवला. दोन दिवसांनी नायनांचाच फोन आला. बाकी काही नाही, फक्त, "येऊ दे त्यांना."

बाई ऐन मे महिन्यात आल्या. नायनांनी सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून ठेवला होता. जमिनीवर सतरंजी अंथरून तिच्यावर ग्राफ मांडले होते, एकावर एक नाही, सगळे सुटे, चालायला मध्ये वाट ठेवून. बाई चप्पल काढून त्या वाटेने गुडघ्यांवर गेल्या. तास दोन तास त्या काहीबाही विचारत होत्या, मी तेलुगू आणि हिंदी आणि इंग्रजीच्या मध्ये उभी होते. नायना आधी तुटक बोलत होते. मग बाईंनी एका कबुतराच्या पंखावर बोट ठेवून विचारलं, ही एवढीच चौकट कोरी का सोडली? आणि नायना सतरंजीवर उतरून बसले.

दुपारी त्यांनी बाईंना कारखान्यात नेलं. जागा घेणाऱ्या नवीन माणसाने तिथे अजून काही ठेवलं नव्हतं. कुलूप जुन्या मालकाने उघडून दिलं आणि तो बाहेरच थांबला. आत फरशीवर मागाच्या पायांच्या खुणा होत्या, तेलाने काळ्या झालेल्या, आणि चार ठिकाणी कापलेले बोल्ट. नायना त्या खुणांच्या मधोमध उभे राहिले. माग कुठपर्यंत यायचा, माळ कुठून वर जायची, आडव्या धाग्याचा धोटा कुठून कुठे फेकला जायचा, ते हातांनी दाखवायला लागले. बाई चित्रित करत होत्या. मध्येच नायना थांबले आणि सरळ कॅमेऱ्यात बघून, मोडक्या हिंदीत म्हणाले, "ये सब था. फेब्रुवारी तक था." आणि बाहेर निघून गेले.

ते वाक्य बाईंनी काढून टाकलेलं नाही. मला विचारलं होतं, ठेवू का? मी म्हटलं, त्यांना विचारा. नायना म्हणाले, ठेवा.

ग्राफ आता सगळे स्कॅन झालेत. कुणीतरी दुसऱ्या मागावर कबुतरं विणून बघावीत असं बाईंच्या मनात आहे. नायनांनी अजून हो म्हटलेलं नाही. त्यांचं माझ्याशी बोलणं पूर्वीसारखं सुरू झालंय, पण पूर्वी मी काही सांगितलं की ते मान हलवायचे, आता विचारतात, तुला कसं कळलं? मी सांगते कसं कळलं. नसेल कळलं तर तसंही सांगते.

नवऱ्याने पुष्कळ दिवस हा विषय टाळला. लोकांत मात्र बोलायचा. नणंद आली तेव्हा तिच्यासमोर, "एका मेलवरून हिने केवढं रामायण केलं." नणंद म्हणाली, "दादा, मलापण ब्लॉक केलतंस की. मी पण रामायणच केलं असतं."

जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, बाईंनी पाठवलेली फिल्म मी लॅपटॉपवर लावली होती. तो मागे येऊन उभा राहिला. मी वळून बघितलं नाही. नायना रिकाम्या जागेत हात फिरवत होते. संपेपर्यंत तो उभा होता. मग दारात जाऊन सँडल घालायला वाकला आणि तिथूनच, सँडलच्या पट्ट्याकडे बघत म्हणाला, "चुकलं माझं."

मी ऐकलं. असल्या वेळी आमच्या घरात "असू द्या" म्हणायची पद्धत आहे, ते शब्द माझ्या तोंडात आपोआप येतात. मी ते म्हटले नाहीत. तो थोडा वेळ पट्टा लावत राहिला, मग दार ओढून बाहेर गेला. मी फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली.